दादा लोकलने का येत नव्हते

गेलं वर्षभर दादा माझ्याकडे ठाण्याला आले नव्हते. दादा म्हणजे माझे वडील. मुक्काम शहापूर. मुरबाड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत पस्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यातली बरीचशी शहापूर-किन्हवली-सरळगाव या रस्त्यावर मोटरसायकल हाणत, आणि दोन वर्षांपूर्वी अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर रिटायर झाले. तेव्हा म्हणाले होते, आता काय, महिन्यातून दोनदा येत जाईन. आले एकदाच. त्यानंतर दर वेळी काहीतरी निघायचं. लावणी आहे, झोडणी आहे, गर्दी सोसत नाही, आईचे गुडघे दुखतात (आईचे गुडघे ठणठणीत आहेत).

मी आणि बायकोने आपापसात निष्कर्ष काढून टाकला होता की दादा रागावलेत. मागच्या दिवाळीत फ्लॅटच्या कर्जावरून आमची थोडी वाजली होती, त्याचा तो राग. मग मीपण फुगलो. येत नाहीत तर नाही येऊ देत. असे चांगले आठ-नऊ महिने गेले.

परवाच्या पावसाळ्यात एका विकांताला घरी गेलो होतो. रात्री दोन-अडीचला जाग आली तर पडवीतला दिवा चालू. दादा अंगणातल्या संडासाकडून परत येत होते. डोक्यावर टॉवेल, वरून पाऊस. म्हटलं, दादा, पोट बिघडलंय का? म्हणाले, "नाही रे, हे रोजचंच. चौथी खेप." मग ओट्यावर बसले आणि अंधारात, माझ्याकडे न बघता म्हणाले, "लोकलमध्ये संडास नसतो ना रे."

बस्स. एवढंच होतं. आसनगावहून ठाणे म्हणजे सव्वा-दीड तास, आणि तेवढा वेळ धरवत नाही म्हणून माणूस पोराकडे येत नव्हता. आणि पोरगं फ्लॅटच्या कर्जाचा हिशोब करत बसलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही, त्यांना मात्र लागली :)

त्यानंतर मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, आणि गूगल करून डॉक्टरला शिकवणाऱ्या लोकांचा मला भयंकर राग येतो. पण वाचताना एक मत पक्कं होत गेलं, ते आज लिहितोय. मत असं की, वयानुसार पुरुषाच्या शरीरात जे बदल होतात त्यांच्याबद्दल बोलायला आपल्याकडे दोनच भाषा आहेत. एक चेष्टेची आणि दुसरी जाहिरातीची. मधली, साधी, घरात बसून बोलता येईल अशी भाषाच नाही.

चेष्टेची बघा. "साठी बुद्धी नाठी" झालं. त्याहून वाईट म्हणजे "म्हातारचळ". साठीच्या पुरुषाला शरीरसुखाची इच्छा आहे असं नुसतं दिसलं तरी त्याला चळ म्हणायचं, वेड म्हणायचं. बरं, इच्छा नाही, किंवा आहे पण जमत नाही, असं असेल तर मग तो "खच्ची" झाला. हा शब्द तर आपण हापिसात सर्रास वापरतो, अप्रेझलमध्ये बॉसने माझं मानसिक खच्चीकरण केलं वगैरे. मूळ शब्द कुठून आलाय ते माझ्या मामाला विचारा.

मामा मुरबाड तालुक्यात म्हशाच्या बाजूला राहतो. म्हशाची पौषी पौर्णिमेची जत्रा तुम्ही ऐकली असेल, बैलांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे. मामाला बैलांतलं सगळं कळतं. गोऱ्हा खच्ची केला की काय होतं, हे त्याने मला दहाव्या वर्षी सांगितलं होतं: माजावर येत नाही, मारकेपणा जातो, नांगराला चालतो, मान आणि वशिंड पोळासारखं भरत नाही. म्हणजे एक ग्रंथी काढली की स्वभाव, स्नायू, ताकद, इच्छा सगळं बदलतं, हे शेतकऱ्याला हजारो वर्षं माहीत आहे. प्रयोगशाळेत हेच १८४९ साली जर्मनीतल्या ग्यॉटिंगेनला बर्थोल्ड नावाच्या प्राध्यापकाने सहा कोंबड्यांवर करून बघितलं. ग्रंथी काढलेल्या कोंबड्याचा तुरा वाढेना, तो आरवेना, भांडेना. ग्रंथी पोटात दुसरीकडेच बसवली तरी पुन्हा सगळं सुरू. म्हणजे ग्रंथी रक्तात काहीतरी सोडते. ते "काहीतरी", म्हणजे टेस्टोस्टेरॉन, हाती लागायला आणि प्रयोगशाळेत बनवता यायला १९३५ साल उजाडलं. गंमत म्हणजे बैलाबद्दल इतकं मोकळेपणाने बोलणारा मामा स्वतःबद्दल एक अक्षर बोलत नाही. पण मामाकडे मी नंतर येतो.

आधी मशीन कसं चालतं ते थोडक्यात. ज्यांनी सेकंड इयरला कंट्रोल सिस्टिम्स घासलंय त्यांना लगेच कळेल. मेंदूतली पिट्यूटरी ग्रंथी वृषणांना सिग्नल पाठवते, वृषणं टेस्टोस्टेरॉन तयार करतात, आणि रक्तातली त्याची पातळी वाचून मेंदू पुढचा सिग्नल कमी-जास्त करतो. निगेटिव्ह फीडबॅक. बायकांमध्ये पन्नाशीच्या आसपास मासिक पाळी थांबते तेव्हा यातला एक भाग जवळजवळ बंदच पडतो. पुरुषांत तसं बंद पडत नाही. तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्क्याच्या आसपास पातळी घसरत राहते. शिवाय वयाबरोबर रक्तातलं टेस्टोस्टेरॉन धरून ठेवणारं एक प्रोटीन वाढतं, त्यामुळे जे मोकळं, वापरता येण्यासारखं हार्मोन असतं ते आणखी जोरात कमी होतं. म्हणून "पुरुषांचा मेनोपॉज" हा शब्द मला फसवा वाटतो. आपल्याकडचा भाटसा धरणाचा उन्हाळा आठवा. एका दिवसात तळ दिसत नाही, पण रोज थोडी थोडी पातळी उतरते. (आणि त्याच भाटसाच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, पण तो विषय दुसऱ्या विकांताचा.)

आता हे असं सगळ्यांचंच कमी होतं म्हणजे सगळे आजारी का? नाही. २०१० साली युरोपातल्या आठ शहरांत चाळीस ते एकोणऐंशी वयाच्या तीन हजारांहून जास्त पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. थकवा, उदासी, अशक्तपणा ही लक्षणं तर अर्ध्या जगाला असतात. म्हणून त्यांनी कडक नियम लावला: लैंगिक इच्छेची आणि ताठरतेची ठराविक तीन लक्षणं हवीत आणि रक्तातली पातळीही खाली हवी. या चाळणीतून उरले फक्त दोन टक्क्यांच्या आसपास. हा आकडा लक्षात ठेवा, कारण इंटरनेटवरच्या जाहिराती वाचल्या तर वाटेल की पस्तिशीच्या पुढचा प्रत्येक पुरुष या रोगाने ग्रासलेला आहे.

दादांचं काय निघालं? प्रोस्टेट वाढलेली. कॅन्सरची नाही, साधी वयाची. ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनळीच्या भोवती असते. ती वाढली की नळी आवळली जाते, धार बारीक होते, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, म्हणून सारखं जावं लागतं. मला वाटायचं हार्मोन कमी होतं तर ग्रंथी लहान व्हायला हवी, वाढते कशी? तर टेस्टोस्टेरॉनचं एक जास्त जोरदार रूप, डीएचटी, प्रोस्टेटमध्येच तयार होतं आणि तेच तिला वाढवतं. याचा शोध मोठा मजेशीर आहे. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या काही खेड्यांत जन्मतः मुलगी वाटणारी काही मुलं वयात येताना मुलगे होतात, असं १९७० च्या दशकात डॉक्टरांनी नोंदलं. त्यांच्या शरीरात डीएचटी बनवणारं एन्झाइम कमी होतं, आणि अशा लोकांची प्रोस्टेट मोठेपणीही लहानच राहते, टक्कलही पडत नाही. त्यावरून फिनास्टेराइड नावाचं औषध निघालं. १९९२ मध्ये पाच मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी, १९९७ मध्ये एक मिलिग्रॅमची टकलासाठी.

हो, तीच गोळी. आमच्या टीममधले किमान तिघे जण केस वाचवायला घेतात ती. मी हे एकाला सांगितलं तर त्याचा चेहरा असा काही पडला की विचारू नका. त्याला म्हटलं घाबरू नकोस, फक्त एवढं लक्षात ठेव की या गोळीने पीएसएचा आकडा साधारण निम्मा होतो. म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका आहे का हे बघायची जी रक्ततपासणी असते, ती करताना डॉक्टरला "मी ही गोळी घेतो" हे सांगितलं नाही तर आकडा खोटाच चांगला दिसतो. पण टकलावर गोळी घेतो हे डॉक्टरला सांगायला आपल्याला लाज वाटते. मग साठीच्या मास्तरला लघवीबद्दल बोलायला लाज वाटली तर नवल काय.

दादांना डॉक्टरांनी दुसरी, स्नायू सैल करणारी गोळी दिली. अचानक उठलं तर चक्कर येईल, सांभाळा, एवढं बजावलं. साखरही वाढलेली निघाली, उपाशीपोटी १५८. म्हणजे रात्रीच्या खेपांत साखरेचाही वाटा होताच.

आणि इथे मला खरा धक्का बसला. गेले दोन वर्षं आम्ही दादांच्या ज्या ज्या गोष्टीला "रिटायर झाल्यामुळे" म्हणत होतो, चिडचिड, दुपारभर लोळणं, माहुलीच्या पायथ्यापर्यंतचा रोजचा फेरा बंद, पोट सुटलेलं पण दंड सुकलेले, त्या सगळ्याचं एक जाळं आहे. पोटावरची चरबी नुसती बसून राहत नाही, तिच्यातलं एक एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. साखर आणि चरबी वाढली की मेंदूकडून जाणारा सिग्नलच मंदावतो. टेस्टोस्टेरॉन कमी झालं की स्नायू घटतात, चरबी वाढते, साखर आणखी बिघडते. अमेरिकेतल्या बफेलो शहरात परेश दंडोना यांच्या टीमला २००४ मध्ये टाइप टू मधुमेहाच्या पुरुषांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांत टेस्टोस्टेरॉन कमी सापडलं होतं. कारण कुठलं आणि परिणाम कुठला, हे वेगळं काढता येत नाही. सर्क्युलर डिपेन्डन्सी. पण याची चांगली बाजू अशी की कुठूनही सोडवायला घेतलं तरी थोडंफार सुटतं: वजन उतरवलं की औषधाशिवायही हार्मोनची पातळी वर येते.

आता मामा. मामा सहासष्टचा, काटकुळा, पायजमा कमरेला दोनदा गुंडाळणारा. त्याला मधुमेह असेल हे कोणाच्या मनातही आलं नव्हतं, कारण आपल्याकडे साखर म्हणजे जाड्या माणसाचा, शेठ लोकांचा रोग. या गैरसमजावर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा एक फोटो आहे, तो जगभर गाजला. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. फोटोत ते स्वतः आणि लंडनचे जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! बाहेरून सारखेच सडपातळ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत वर्षानुवर्षं मोजमापं घेऊन दाखवलं की आपली मुलं जन्मतःच अशी असतात, वजनाला कमी पण चरबीला नाही. म्हणजे मामाची ती काटकुळी तब्येत बघून निर्धास्त राहायचं काही कारण नव्हतं.

मामाच्या छातीतही दोन वर्षांपासून दुखतं आणि तो जिभेखाली ठेवायची गोळी खिशात बाळगतो. हे सगळ्यांना माहीत होतं. कोणाला माहीत नव्हतं ते असं, की त्याने जत्रेतल्या एका तंबूतून ताकदीची पुडी आणली होती आणि महिनाभर गुपचूप दुधातून घेत होता. कशाची ताकद ते तुम्हाला समजलंच. एके रात्री उठला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ओट्यावरून खाली पडला. मनगट मोडलं.

त्या पुडीत काय होतं ते आम्ही कधी तपासून घेतलं नाही, त्यामुळे तिच्यावर आळ घेत नाही. पण हे पक्कं माहीत आहे: "शंभर टक्के जडीबुटी" म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांत व्हायग्राचं औषध, सिल्डेनाफिल, न सांगता मिसळलेलं असतं, असं अमेरिकेच्या एफडीएला वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा सापडत आलंय. आणि सिल्डेनाफिल आणि छातीच्या दुखण्यावरची ती जिभेखालची नायट्रेटची गोळी एकत्र झाली तर रक्तदाब धाडकन खाली येऊन माणूस जाऊ शकतो. मामाने डॉक्टरला छातीबद्दल सांगितलं, पुडीबद्दल नाही. पुडीवाल्याने तर काहीच विचारलं नाही. "आरं, डाक्टरला असलं काय सांगायचं, लोकं हसतील," हे त्याचं म्हणणं. लोकं हसतील म्हणून मामा मरता मरता वाचला, असं मी समजतो.

कसारा लाइनने जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, रुळांच्या कडेच्या भिंतींवर आणि डब्यातल्या स्टिकरांवर काय काय लिहिलेलं असतं. लैंगिक ताकद वाढवण्याच्या औषधाची जाहिरात करायला या देशात १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. सत्तर वर्षं झाली. भिंती तशाच रंगलेल्या आहेत, आणि आता फोनवरही. माझ्या मते याला फक्त पुडीवाले जबाबदार नाहीत. जिथे घर बोलत नाही, शाळा बोलत नाही, दवाखान्यात विचारत नाहीत, तिथे भिंत बोलते. सरकारची तिशीपुढच्या सगळ्यांची तपासणी मोहीम आहे, आशाताई घरोघरी फॉर्म भरतात, ते फार चांगलं काम आहे. रक्तदाब, साखर, आणि तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर. पुरुषाच्या प्रोस्टेटबद्दल त्यात काही नाही. आणि असतं तरी गावातल्या सुनेच्या वयाच्या आशाताईला मामा ते सांगणार होता का?

मनगटाच्या एक्सरेवरून डॉक्टर म्हणाले, हाडं विरळ झालीत. पुरुषाची हाडं ठिसूळ होतात हेच मला नवीन होतं. आणि त्याहून नवीन म्हणजे, पुरुषाची हाडं टेस्टोस्टेरॉनपेक्षा त्यापासून बनणारं इस्ट्रोजेन जास्त सांभाळतं. ज्याला आपण "बायकांचं" हार्मोन म्हणतो ते! १९९४ मध्ये एका माणसाची केस छापून आली. वय अठ्ठावीस, म्हणजे माझ्याच वयाचा. शरीर इस्ट्रोजेनला दादच देत नव्हतं. उंची २०४ सेंटिमीटर, अजून वाढतच होता, आणि हाडं म्हाताऱ्यासारखी ठिसूळ. टेस्टोस्टेरॉन त्याच्याकडे व्यवस्थित होतं. मर्दानगी म्हणजे एकच हार्मोन, हे समीकरण निसर्गालाच मान्य नाही.

मग घ्या की टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन, प्रश्न मिटला? हा मोह फार जुना आहे. १८८९ साली ब्राऊन-सेकार नावाच्या बाहत्तर वर्षांच्या मोठ्या शास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या आणि गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तरुण झाल्याचं जाहीर केलं. त्या अर्कात हार्मोन जवळजवळ नव्हतंच, सगळा मनाचा खेळ. आजचे आकडे जास्त प्रामाणिक आहेत. २०१६ मध्ये पासष्टीच्या पुढच्या, पातळी खरोखर कमी असलेल्या ७९० पुरुषांवर वर्षभर प्रयोग झाला: लैंगिक इच्छा बऱ्यापैकी सुधारली, मूड किंचित, आणि ज्यासाठी लोक धावतात तो उत्साह, तो मात्र फरक पडण्याएवढा वाढला नाही. २०२३ मध्ये पाच हजारांहून जास्त पुरुषांवरच्या प्रयोगात हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, ही मोठी दिलाशाची बातमी. पण हृदयाचे अनियमित ठोके आणि फुफ्फुसात गुठळी होणं थोडं जास्त दिसलं. आणि त्याच प्रयोगात हाडं मोडण्याचं प्रमाण इंजेक्शन न घेणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांत जास्त निघालं... (बरोबर सांगायचं तर ते जेल होतं, अंगाला चोळायचं.) साडेतीन टक्के विरुद्ध अडीच टक्के. कोणालाच हे अपेक्षित नव्हतं.

याचा अर्थ औषध वाईट असं मी म्हणत नाही. ज्याला खरंच गरज आहे त्याला ते मिळालंच पाहिजे, आणि लाजेपोटी तो तडफडत बसला असेल तर तो अन्यायच आहे. पण आमच्या हापिसात चाललंय ते काय आहे? एकोणतीस वर्षांचा माझा मित्र, जिमला जाणारा, ॲपवरून घरबसल्या टेस्टोस्टेरॉनची टेस्ट करतो. संध्याकाळी सहाला. हे हार्मोन सकाळी सर्वात जास्त असतं, म्हणून तपासायचं सकाळी, उपाशीपोटी, आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. याने संध्याकाळच्या आकड्यावरून इंजेक्शनं सुरू केली. फीडबॅक लूप आठवतोय ना? बाहेरून माल आला की मेंदू आतला कारखाना बंद करतो, आणि त्याबरोबर शुक्राणूही बंद होत जातात. इतके, की जागतिक आरोग्य संघटनेने ही इंजेक्शनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासून बघितली होती! मित्राचं लग्न गेल्या वर्षी झालंय आणि त्यांना मूल हवंय. हे त्याला मी सांगितलं. इंजेक्शन देणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

त्याची पातळी कमी का आली असेल याचा अंदाज मला त्याचं कॅलेंडर बघूनच आला होता. अमेरिकेच्या वेळेतले कॉल, झोप पाच तास. २०११ मध्ये दहा तंदुरुस्त तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी उतरलं होतं. वर्षाला एक टक्का धरला तर दहा-पंधरा वर्षांचं म्हातारपण एका स्प्रिंटमध्ये.

मराठीत हे बोलायला भाषा नाही म्हटलं खरं, पण ती कोणी बनवलीच नाही असं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली "समाजस्वास्थ्य" मासिक काढलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ मराठीत उत्तरं दिली म्हणून अश्लीलतेचा खटला झाला, तो त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला. हरले. अमोल पालेकरांच्या "ध्यासपर्व"मुळे माझ्या पिढीला निदान नाव तरी माहीत आहे. आज शंभर वर्षं होत आली, आणि शहापूरच्या ओट्यावर एका निवृत्त मास्तरला लघवीबद्दल पोराशी बोलायला अंधार लागतो.

मी स्वतः काय केलं तर फार काही नाही. मामाला घेऊन डॉक्टरकडे गेलो आणि पुडीचा कागद टेबलावर ठेवला. मामा माझ्याकडे असा बघत होता की मी त्याचा बैल चोरला. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "किती दिवस घेतली?" मग दहा मिनिटं दोघं बोलत होते, मला बाहेर बसायला सांगितलं. बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "बरा हाये रं डाक्टर." आता त्याला साखरेची गोळी, कॅल्शियम आणि रोज चालायचं सांगितलंय. चालायचं ऐकून तो खूप हसला, शेतकऱ्याला चालायला सांगतात म्हणून. पण खरं तर दोन वर्षांपासून शेत अर्धलीने दिलंय आणि तो दिवसभर टीव्हीसमोर असतो.

दादांच्या रात्रीच्या खेपा चारवरून एक-दोनवर आल्यात. गेल्या रविवारी ते ठाण्याला आले. आसनगावला गाडीत बसले, कल्याणला मुद्दाम उतरले, फलाटावरच्या मुतारीत जाऊन आले, मागची गाडी पकडली. मी म्हटलं, फोन केला असता तर गाडी घेऊन आलो असतो. म्हणाले, "कशाला? दोन टप्प्यांत येतंय की." मग जेवताना बायकोसमोर, काही एक न लाजता, कल्याणच्या कुठल्या फलाटावरची मुतारी त्यातल्या त्यात बरी आहे ते सांगत होते.